होडीचं वजन

दूधगंगेच्या काठावर एक नावाडी राहत होता. मलिकवाड आणि दत्तवाडला जोडणारा बंधारा ज्या पट्ट्यात आहे, तिथलंच त्याचं गाव. नदीच्या या काठाला कर्नाटक, त्या काठाला महाराष्ट्र. गावातल्या निम्म्या लोकांचे मळे पलीकडच्या काठावर होते. गोठे तिकडं, घरं इकडं. उन्हाळ्यात माणसं बंधाऱ्यावरून ये-जा करायची. पावसाळा लागायचा, काळम्मावाडीच्या धरणातून पाणी सुटायचं, वरच्या अंगाला वेदगंगा येऊन मिळालेली असायची, आणि एका रात्रीत बंधारा पाण्याखाली जायचा. मग पाणी उतरेपर्यंत नावाड्याची होडी हाच सगळ्यांचा रस्ता.

होडी वीस फुटी, लाकडाची, बापाच्या हातची. बाप ती बांबूनं आणि वल्ह्यानं चालवायचा. २००५ चा महापूर आला तेव्हा वल्ह्यांचं काही चालेना. पूर ओसरल्यावर मुलानं कर्ज काढलं आणि आठ हॉर्सपॉवरचं पेट्रोलचं इंजिन आणून होडीच्या मागच्या फळीवर बसवलं. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिली ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची, की इंजिन सुरू. पहिल्या वर्षी पोरं नुसती फेरी मारायला म्हणून होडीत बसत होती.

मळे होते खालच्या अंगाला आणि गावचा घाट वरच्या अंगाला. त्यामुळं सकाळी भरलेली होडी धारेच्या उलटी यायची. होडीत दुधाचे कॅन असायचे, वैरणीचे भारे असायचे, धारा काढून परतणाऱ्या बायका असायच्या. घाटाच्या वर दूध संस्थेची गाडी उभी असायची. सातला ती सुटायची. नावाडी सहाच्या सुमाराला निघायचा आणि साडेसहाच्या आत कॅन घाटावर उतरवायचा. बरीच वर्षं असं चाललं.

मग होडी हळू झाली.

एकदम झाली असती तर त्याला कळलं असतं. एका पावसाळ्यात पाच मिनिटं जास्त लागली, दुसऱ्या पावसाळ्यात अजून पाच. त्याला वाटलं, यंदा धारच जास्त आहे. पुढं वाटलं, पेट्रोल भेसळीचं असेल. एके दिवशी होडी घाटाला लागली तेव्हा दुधाची गाडी वळण घेऊन दिसेनाशी होत होती. बायका कॅनजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाडीवाला खिडकीतून म्हणाला, “मामा, मी थांबलो असतो, पण दूध थांबत नाही. नासतंय ते.”

त्या आठवड्यात दोनदा गाडी चुकली. बायका होडीत बसताना काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं त्याला ऐकू येत होतं.

त्या पावसाळ्यानंतर नावाड्यानं ठरवलं, इंजिन बदलायचं. आठाच्या जागी पंचवीस हॉर्सपॉवरचं घ्यायचं.

बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “इंजिन मोठं आणलं की होडी पळंल, असं कोण म्हणालं?”

“त्यात कुणी म्हणायला कशाला पाहिजे? आठाच्या जागी पंचवीस. तिप्पट जोर.”

“जोर तिप्पट व्हय. पण होडी तीच हाय न्हवं?”

त्याला तो प्रश्न बायकी वाटला. त्यानं एक म्हैस विकली, थोडे उसने घेतले आणि उन्हाळ्यात निपाणीहून देवगडच्या रस्त्याला लागला. फोंडा घाट उतरला, कोकणात आला आणि विचारत विचारत मालवणच्या किनाऱ्यावर पोचला. तिथं एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडं पंचवीसचं एक जुनं मशीन विकाऊ होतं.

म्हाताऱ्यानं मशीन दाखवलं, सुरू करूनही दाखवलं. गार करणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडत होती. सौदा होत आला तसं म्हाताऱ्यानं विचारलं, “होडी केवढी आसा?”

“वीस फूट.”

“तळ कसो?”

“लाकडाचा. जड हाय. माल वाहतोय आम्ही.”

म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मगे ह्या मशीन तुका कित्याक व्हया?”

त्यानं वाळूत बोटानं रेघ ओढून समजावलं. जड होडी पाण्यात बसून चालते, पाणी बाजूला ढकलत. वेग वाढला की तिच्या नाकापुढं लाट उठते आणि ती लाट होडीबरोबरच चालते. वीस फुटी होडी ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास गेली की लाट होडीएवढी लांब होते. त्यापुढं कितीही जोर लावला तरी होडी आपल्याच लाटेचा चढ चढत बसते. नाक वर, शेपूट खाली. पेट्रोल जातं ते लाट मोठी करण्यात. हलकी, रुंद, सपाट तळाची होडी असेल तर ती जोरासरशी पाण्याच्या वर येते आणि घसरत पळते. हे मशीन अशा होडीसाठी आहे.

शिवाय मशीनचा पाय लांब होता, वीस इंचांचा. समुद्रातल्या होड्यांची मागची फळी उंच असते. नावाड्याचं जुनं इंजिन आखूड पायाचं, पंधरा इंची. म्हातारा म्हणाला, पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. पाय खाली लोंबला तर तो पाण्यात नुसताच अडतो.

मग त्यानं शेवटचं विचारलं, “होडी दरसाल वर काढतास मा?”

“न्हाई,” नावाडी म्हणाला. “वर काढून वाळली तर सांधे उघडत्यात. पाणी उतरलं की चिखलात जिथं टेकेल तिथं डांबर मारतो. बापापास्नं असंच हाय.”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पैसे मोजून घेतले. सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं. नावाड्याला मात्र वाटलं, विकणारा माणूस गिऱ्हाईकाला घेऊ नको म्हणतो म्हणजे मशीन नक्कीच चांगलं असणार.

मशीन चांगलंच होतं. नावाड्यानं ते गावात आणलं आणि दोन माणसांनी उचलून फळीवर बसवलं. जुन्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट त्याचं वजन. बंधाऱ्यामागं साठलेल्या संथ पाण्यात त्यानं होडी रिकामी पळवून दाखवली. होडीचं नाक वर उठलं, मागं पांढऱ्या पाण्याचा पट्टा पडला, काठावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नावाडी घरी आला तेव्हा बायकोनं काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. पण जेवताना तो गुणगुणत होता.

मृग गेला, आर्द्रा लागल्या. बंधारा पाण्याखाली गेला.

पहिल्या सकाळी होडी भरली. कॅन, भारे, नऊ बायका, आणि शाळेला निघालेली दहावीतली एक मुलगी. नावाड्यानं दोरी ओढली, मूठ पिळली. इंजिन मोठ्यानं ओरडलं. होडीची मागची बाजू खाली बसली आणि नाक वर आलं. कॅन मागं सरकले, बायकांनी एकमेकींना धरलं. मागच्या फळीवरून ओंजळभर पाणी आत आलं. लाट काठावर जाऊन आदळली आणि शाळूच्या रानाची ओली माती ढासळली. सगळं काही घडलं, होडी तेवढी पळाली नाही. घाटाला लागली तेव्हा गाडी निघायच्या तयारीत होती. जुन्या इंजिनापेक्षा चार-पाच मिनिटं वाचली होती आणि पेट्रोल तिप्पट जळालं होतं.

“अजून जोर लावून बघतो,” नावाडी म्हणाला.

तो रोज थोडा जास्त जोर लावून बघत राहिला. मुलगी रोज होडीत बसायची. एके दिवशी ती वहीत काहीतरी मांडत होती. नावाड्यानं विचारलं, “काय करतीस गं?”

“गणित, काका. होडीचंच हाय. समजा, होडी ताशी नऊ किलोमीटर चालती आणि धार पाचची हाय. उलटं येताना राहिले किती?”

“चार.”

“आता होडी थोडी हळू झाली. नवाच्या जागी सात. मग?”

“दोन.”

“बघा. होडी दोनानंच हळू झाली, पण घरी यायला दुप्पट वेळ.”

नावाड्यानं ते ऐकलं. दोनाची कमी त्यानं कधी मोजली नव्हती. त्याला दिसत होता तो फक्त दुप्पट वेळ, आणि म्हणून तो दुप्पट-तिप्पट जोर शोधत फिरला होता. पण होडीतले ते दोन किलोमीटर गेले कुठं, हे मुलीच्या वहीत नव्हतं.

आषाढाच्या शेवटी एका सकाळी, भरल्या होडीत, मागून कडाड असा आवाज झाला. इंजिन होडीला ढकलतं ते मागच्या फळीतून. आठाच्या जोरासाठी बसवलेली ती फळी पंचविसाचा जोर सोसत होती आणि त्या दिवशी ती मधोमध उभी चिरली. नावाड्यानं इंजिन बंद केलं. त्यानं बांबू लावला, बायकांनी तांब्यांनी पाणी उपसलं आणि होडी कशीबशी काठाला आली. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा एक म्हातारी उतरताना म्हणाली, “बाबा, आम्हाला उशीर झालेला चालंल.”

फळी बदलायची तर होडी वर काढणं भाग होतं. काठाजवळ एक गुऱ्हाळ होतं. पावसाळ्यात ते बंद असायचं आणि त्याची पत्र्याची शेड मोकळी होती. होडी तिथं न्यायची ठरली. तोवर दुधाचं काय? गुऱ्हाळवाल्यानं आपली काहील दिली. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई या भागातल्या लोकांनी पुरात किती वेळा होडी म्हणून वापरली असेल, त्याला गणती नाही. दोन पट्टीचे पोहणारे काहिलीला धरून चार-चार कॅन आणू लागले.

होडी ओढायला नावाड्यानं सहा माणसं बोलावली. बापानं ती पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा सहाच जणांनी खांद्यावर आणली होती, हे त्याला आठवत होतं. सहा जणांनी दोर ओढला. होडी हलली नाही. अजून चार आले, तरी जागची हलेना. शेवटी सोळा माणसं लागली, खाली केळीची खोडं टाकली, तेव्हा ती इंचाइंचानं वर आली. गडी घामाघूम झाले. त्यातला एक म्हणाला, “ह्यात भरलंय तरी काय?”

“काही न्हाई,” नावाडी म्हणाला. “रिकामी हाय.”

शेडमध्ये सुतारानं होडी आडवी केली आणि तळावर अंथरलेल्या फळ्या उचकटल्या. एका थराखाली दुसरा थर निघाला. खालच्या फळ्या कुजल्या म्हणून नावाड्यानं त्यांच्यावरच नव्या ठोकल्या होत्या. कुजलेल्या काढायला वेळ नव्हता, तेव्हा हंगाम चालू होता. दुसऱ्या थराखाली गाळ होता. दर पुरात थोडा आत आलेला, आडव्या लाकडांमध्ये बसलेला, पायांनी दाबून घट्ट झालेला. खताच्या पोत्यांत भरला तर सात पोती भरली. गाळात एक लोखंडी साखळी निघाली. २००६ च्या पावसाळ्यात होडी वाहून जाऊ नये म्हणून ती आणली होती. बांधायचा एक दगड निघाला, त्याची दोरी कधीच तुटली होती. सांध्यांवर पत्रे होते. जिथं गळालं तिथं पत्रा, पत्र्याकडेनं गळालं तिथं वर दुसरा पत्रा. आणि सगळ्यावर डांबर, वर्षावर वर्ष. सुतारानं पटाशीनं एक ढलपी काढली, तर ती अंगठ्याएवढी जाड होती. त्याखालचं लाकूड पाणी पिऊन पिऊन काळं पडलं होतं आणि दाबलं की पाझरत होतं.

नावाडी त्या ढिगाकडं बघत उभा राहिला. त्यातली एकही वस्तू त्यानं वेडेपणानं टाकलेली नव्हती. साखळी हवी होती म्हणून आणली. पत्रा ठोकला नसता तर त्या दिवशी होडी बुडाली असती. फळ्या टाकल्या त्या कॅन कलंडू नयेत म्हणून. डांबर तर दरसाल मारायचंच, बापानंच सांगितलेलं. प्रत्येक गोष्ट आपापल्या दिवशी बरोबर होती. काम झाल्यावर ती परत काढायची असते, एवढं राहून गेलं होतं.

“एवढं वजन,” तो सुताराला म्हणाला, “आणि मला एक दिवस कळलं न्हाई?”

सुतार पटाशीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, “तुम्हाला कसं कळंल? पाणी उचलत होतं की.”

होडी तासली गेली. खालच्या चार फळ्या बदलल्या. सांध्यांत कापूस आणि राळ भरली. मागची फळी नवी बसवली, जाड आणि जुन्याच उंचीची. डांबराचा एकच पातळ हात मारला. नावाड्यानं पंचवीसचं मशीन उतरवून कोरडं पुसून ठेवलं आणि कोपऱ्यात पडलेलं आठाचं इंजिन निपाणीला नेलं. तिथल्या मिस्त्रीनं पंखा हातात घेऊन बोट फिरवलं. दगडांवर आपटून त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या, एक पातं वाकलं होतं. मिस्त्रीनं पंखा बदलला आणि कमी चालीचा बसवला. एका फेऱ्यात पंखा पाण्यातून जेवढं अंतर कापू पाहतो ती त्याची चाल. माल ओढायचा असेल तर चाल कमी हवी, म्हणजे इंजिन दमत नाही, आपल्या पुऱ्या फेऱ्यांवर येतं. पाणी खेचणाऱ्या पंपातलं झिजलेलं रबरही त्यानं बदललं. या सगळ्याला मिळून जे पैसे लागले ते मालवणच्या मशीनपुढं किरकोळ होते.

होडी पुन्हा पाण्यात सोडायची त्या दिवशी नावाड्यानं मुद्दाम सहाच माणसं बोलावली. सहांनी ती उचलली.

दुसऱ्या सकाळी तेच कॅन, तेच भारे, त्याच बायका. आठाचं इंजिन आपल्या नेहमीच्या आवाजात चालू झालं. नाक वर आलं नाही, पाणी आत आलं नाही, काठ ढासळला नाही. होडी घाटाला लागली तेव्हा दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर चहा पीत बसला होता. त्यानं घड्याळ बघितलं, मग होडी बघितली. “मामा, नवीन इंजिन भारी हाय की,” तो म्हणाला.

नावाडी हसला. त्यानं काही दुरुस्त केलं नाही.

पंचवीसचं मशीन वाया गेलं नाही. पलीकडच्या एका गावातल्या तरुण मंडळानं रुंद, सपाट तळाची फायबरची होडी घेतली होती. नावाड्यानं आधी जाऊन तिचा तळ बघितला, मागची फळी मोजली, ती वीस इंचांची भरली, तेव्हाच मशीन त्यांना दिलं. त्या होडीवर ते पाण्याच्या वर उठून पळालं. मालवणचा म्हातारा म्हणाला होता तसंच.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम फुगल्या. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. काठावरची गावं पाण्यात गेली, मळ्यांत राहणारी माणसं गच्चीवर चढली. नावाड्याची होडी आणि तरुणांची फायबरची होडी दोन्ही दिवसभर फिरत होत्या. लांबच्या वस्त्यांवर फायबरची जायची. गावालगतच्या मळ्यांमध्ये, जिथं विजेच्या तारा, झाडांचे शेंडे आणि बुडालेला ऊस चुकवत हळू जावं लागायचं, तिथं नावाड्याची.

त्यानं होडीच्या बाहेरच्या अंगावर एक पांढरी रेघ मारली होती. पाणी त्या रेघेला टेकलं की तो माणूस घेणं थांबवायचा. एका गच्चीवरून लोक ओरडले, “अजून चार बसत्यात की! जागा हाय!”

“जागा हाय,” तो म्हणाला, “पण रेघ भरली. मी परत येतो.”

“परत कधी यायचा?”

“तुमचं बांधून होतंय तोवर.”

आणि तो खरंच तेवढ्यात परत आला. हलकी होडी कमी माणसं न्यायची, पण तिच्या फेऱ्या जास्त व्हायच्या. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली होडी उलटल्याची बातमी आली. पुरातून सुटायला निघालेली माणसं त्या होडीबरोबर गेली. त्यानंतर गच्चीवरून कुणी ओरडलं नाही. लोक स्वतःच वाकून रेघ बघायचे आणि मागं सरायचे.

पूर ओसरला. चिखल वाळायच्या आतच नावाड्यानं सहा माणसं बोलावली आणि होडी वर काढली. तळाच्या फळ्या उचलून बघितल्या. एकाच पुराचा गाळ होता, दोन पाट्या भरल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर तो होडी वर काढतो, ओल्या पोत्यांखाली सावलीत ठेवतो म्हणजे सांधे उघडत नाहीत, आणि आत काय काय आहे ते बघतो. लागतं ते ठेवतो, लागायचं बंद झालं ते काढतो. सहा जणांना ती उचलली की झालं.

गोष्ट इथंच संपते. होडीबरोबर वजनही पाणी उचलत असतं आणि ते कधी तक्रार करत नाही, म्हणून होडीवाल्याला आपली होडी हलकीच वाटत राहते. घराचं असंच असतं, संस्थेचंही. कुणीतरी खालून मुकाट्यानं पेलत असतं, तोवर वर काय साचलंय याचा पत्ता लागत नाही. दिसतो तो फक्त मंदावलेला वेग, आणि आपण जास्तीचा जोर शोधायला निघतो. याच नद्यांच्या काठचा शेतकरी पाणी तुंबून क्षारपड झालेल्या रानात खताची मात्रा वाढवत राहिला तरी ऊस वाढत नाही. आधी चर काढून साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यावं लागतं. जोर वाढवणं वाईट नाही. ज्या होडीला तो पेलतो तिला तो द्यावाच. पण आपलं वजन पाण्यात कळत नसतं. त्यासाठी अधूनमधून होडी काठावर घ्यावी आणि उचलायला किती माणसं लागतात ते मोजावं.